जालपत्ता रूपांतरण

जालपत्ता रूपांतरण : संगणक जालातून जाणाऱ्या माहितीच्या पॅकेटावरील प्रेषकाचा किंवा ग्राहकाचा पत्ता वाटेतील एखाद्या साधनाने बदलून त्याजागी दुसरा पत्ता घालण्याच्या क्रियेस जालपत्ता रूपांतरण म्हणतात. व्यवहारात ही क्रिया ‘नॅट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. अंतर्गत जाल आणि इंटरनेट यांच्या सीमेवर असणारे राउटर किंवा फायरवॉल हे काम करते. त्यामुळे एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक संगणकांना इंटरनेटचा वापर करता येतो. एखाद्या कचेरीत बाहेरचा दूरध्वनी क्रमांक एकच असतो, पण आतील प्रत्येक टेबलावर वेगळा विस्तार क्रमांक असतो. बाहेरच्या माणसास फक्त कचेरीचा क्रमांक दिसतो व आतील जोडणी फलकाद्वारे होते. नॅटची योजना स्थूलमानाने अशीच आहे.

आवश्यकता : सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट संकेतपद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. म्हणून एकूण पत्त्यांची संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढीच होते. त्यांतील काही गट विशेष कामांसाठी राखून ठेवलेले असल्याने प्रत्यक्ष उपलब्ध पत्ते याहूनही कमी आहेत. पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. आशिया-पॅसिफिक विभागाच्या नोंदणी संस्थेकडील मुक्त वाटपही त्याच वर्षी एप्रिलमध्ये थांबले व नव्या सभासदांना अल्प प्रमाणात पत्ते देण्यास सुरुवात झाली. भारतात पत्त्यांचे वाटप करणारी राष्ट्रीय नोंदणी संस्था २०१२ मध्ये सुरू झाली, म्हणजे तिच्या जन्मापूर्वीच टंचाई निर्माण झाली होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली आणि तिचा खेड्यापाड्यांतील प्रसार बहुतांशी २०१० नंतर झाला. त्यामुळे ग्रामीण भागाच्या वाट्याला आरंभापासूनच वाटून घेतलेले पत्ते आले.

नंदुरबार जिल्हा हे याचे बोलके उदाहरण आहे. या जिल्ह्यातील टेंभली (शहादा तालुका) येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. त्यानंतर शिधावाटप, शिष्यवृत्ती, बँकेचे व्यवहार अशी अनेक कामे जालजोडणीवर अवलंबून राहू लागली. गुजरातच्या सीमेलगतच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर यासारख्या गावी शाळा, सेवा केंद्र किंवा बँकेची शाखा यांस मिळणारी जोडणी बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्याची, किंवा इतर अनेक ग्राहकांबरोबर वाटून घेतलेल्या पत्त्याची असते. अशा ठिकाणी नॅट हा ऐच्छिक भाग नसून जोडणीचा पायाच असतो.

इतिहास : एकच पत्तासमूह अनेक जालांत पुनःपुन्हा वापरून टंचाईवर मात करण्याची कल्पना पॉल त्सुचिया (पुढे पॉल फ्रान्सिस) आणि टोनी एंग यांनी १९९३ मध्ये मांडली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनी तिचे तांत्रिक वर्णन इंटरनेटच्या मानक-दस्तऐवज मालेतील १६३१ व्या क्रमांकात प्रसिद्ध केले. दीर्घकालीन उपाय तयार होईपर्यंतचा हा अल्पकालीन उपाय आहे, अशी लेखकांची भूमिका होती. त्याच सुमारास नेटवर्क ट्रान्सलेशन या अमेरिकन कंपनीने ‘पिक्स’ नावाचे साधन बाजारात आणले. १९९५ मध्ये ती कंपनी सिस्को कंपनीने विकत घेतली. रूपांतरण व संरक्षण ही दोन्ही कामे एकाच पेटीत करण्याचा पायंडा या साधनामुळे रूढ झाला. फेब्रुवारी १९९६ मधील १९१८ क्रमांकाच्या दस्तऐवजाने खाजगी पत्त्यांचे गट निश्चित केले आणि जानेवारी २००१ मधील ३०२२ क्रमांकाच्या दस्तऐवजाने पारंपरिक नॅटचे सुधारित वर्णन दिले. अल्पकालीन म्हणून आलेला हा उपाय तीन दशकांनंतरही सार्वत्रिक वापरात आहे.

खाजगी पत्ते : कोणत्याही संस्थेस कोणाचीही परवानगी न घेता वापरता येतील असे तीन गट आहेत : (१) १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५ (१,६७,७७,२१६ पत्ते), (२) १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ (१०,४८,५७६ पत्ते) आणि (३) १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ (६५,५३६ पत्ते). हे पत्ते जगात असंख्य ठिकाणी एकाच वेळी वापरात असल्याने इंटरनेटवरील राउटर त्यांच्याकडे पॅकेटे पोहोचवू शकत नाहीत. म्हणून सीमेवर रूपांतर अपरिहार्य होते.

कार्यपद्धती : खापर येथील एखाद्या शाळेत तीस संगणक असून त्यांना १९२.१६८.१०.० या गटातील पत्ते दिले आहेत आणि शाळेच्या फायरवॉलला बाहेरच्या बाजूस २०३.०.११३.५ हा एकच सार्वजनिक पत्ता मिळाला आहे, अशी कल्पना करावी (हा पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातील आहे). १९२.१६८.१०.२५ या संगणकावरील विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडले, की संगणक एक पॅकेट पाठवतो. त्यावर चार आकडे महत्त्वाचे असतात : प्रेषकाचा पत्ता, प्रेषकाचा पोर्ट क्रमांक (समजा ५१०००), ग्राहकाचा पत्ता (समजा १९८.५१.१००.८०) आणि ग्राहकाचा पोर्ट क्रमांक (४४३). पोर्ट क्रमांक म्हणजे एकाच संगणकावरील निरनिराळ्या संभाषणांची ओळख पटवणारा १६ द्विमान अंकांचा आकडा होय.

पॅकेट फायरवॉलपाशी आले, की पुढील क्रिया घडतात. प्रथम फायरवॉल आपल्या कोष्टकात या संभाषणाची नोंद आधीपासून आहे का ते पाहते. नोंद नसल्यास व नियमांनुसार जाण्यास मुभा असल्यास एक मोकळा पोर्ट क्रमांक (समजा ४०००१) निवडला जातो. प्रेषकाच्या पत्त्याजागी २०३.०.११३.५ व पोर्टजागी ४०००१ हे आकडे घातले जातात. पॅकेटातील ताळाबेरीज पत्त्यावरही अवलंबून असल्याने ती नव्याने मांडावी लागते. अन्यथा पलीकडील संगणक पॅकेट सदोष समजून टाकून देतो. शेवटी ‘आतील १९२.१६८.१०.२५ : ५१०००, बाहेरील २०३.०.११३.५ : ४०००१’ अशी जोडी कोष्टकात लिहून पॅकेट पुढे पाठवले जाते. उत्तर २०३.०.११३.५ च्या ४०००१ या पोर्टवर येते. फायरवॉल कोष्टक पाहून उलट बदल करते व उत्तर नेमक्या संगणकाकडे पोहोचते. शेजारच्या संगणकानेही योगायोगाने ५१००० हाच पोर्ट वापरला, तरी बाहेरील पोर्ट वेगळा असल्याने गोंधळ होत नाही.

कोष्टकातील नोंदी कायम राहत नाहीत. टीसीपी संभाषणात आरंभ व शेवट दर्शवणाऱ्या खुणा असल्याने नोंद केव्हा पुसावी हे कळते. यूडीपीमध्ये अशा खुणा नसल्याने केवळ काळावर विसंबावे लागते. २००७ च्या शिफारशीनुसार यूडीपीची नोंद सामान्यतः दोन मिनिटांच्या आत पुसू नये व ती पाच मिनिटे किंवा अधिक ठेवणे इष्ट असते. टीसीपीच्या स्तब्ध पण चालू जोडणीसाठी हा काळ किमान २ तास ४ मिनिटे असावा, अशी २००८ ची शिफारस आहे. मुदत फार कमी ठेवल्यास चालू काम मध्येच तुटते. फार जास्त ठेवल्यास कोष्टक भरून नव्या जोडण्या नाकारल्या जातात.

प्रकार : (१) स्थिर रूपांतरण : एका खाजगी पत्त्यास एक सार्वजनिक पत्ता कायमचा जोडला जातो. बाहेरून पोहोचता यावे अशा सेवासंगणकासाठी याचा उपयोग होतो; पत्त्यांची बचत मात्र होत नाही. (२) चल रूपांतरण : सार्वजनिक पत्त्यांचा संच राखून मागणीप्रमाणे त्यातील एक तात्पुरता दिला जातो. संच संपला की पुढील संगणकास थांबावे लागते. (३) पोर्टसह रूपांतरण : वर वर्णिलेला हा प्रकार सर्वाधिक प्रचारात आहे. (४) ग्राहकपत्ता रूपांतरण : बाहेरून विशिष्ट पोर्टवर येणारे पॅकेट आतील ठराविक संगणकाकडे वळवले जाते. व्यवहारात यास ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. (५) दुहेरी रूपांतरण : प्रेषक व ग्राहक हे दोन्ही पत्ते बदलले जातात. दोन कचेऱ्यांनी एकच खाजगी गट वापरला असून त्या परस्परांना जोडावयाच्या असल्यास हा उपाय योजतात.

फायरवॉलवरील मांडणी : साधनांगणिक आज्ञा वेगळ्या असल्या तरी मांडणीचा क्रम सारखाच असतो. प्रथम जोडमुखांची विभागणी करतात : आतील विश्वासू जाल, बाहेरील इंटरनेट आणि आवश्यक असल्यास बाहेरून पाहता येणाऱ्या सेवासंगणकांसाठी स्वतंत्र मधला विभाग. त्यानंतर बाहेर जाण्याचा मूलभूत मार्ग नोंदवतात. मग रूपांतरणाचा नियम लिहितात. त्यात कोठून कोठे जाणारी पॅकेटे, त्यांचा मूळ पत्ता व बदललेला पत्ता हे सांगावे लागते. शेवटी परवानगीचा नियम लिहितात. रूपांतरण आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवशिक्याने प्रथम ध्यानात घ्यावयाचे असते. पत्ता बदलण्याचा नियम असला म्हणून पॅकेटास प्रवेश मिळतोच असे नाही. उलट, परवानगी असूनही रूपांतर न झाल्यास उत्तर परत येत नाही.

नियमांचा क्रम हा सर्वांत अधिक चुका घडवणारा भाग होय. लिनक्स प्रणालीतील नेटफिल्टर यंत्रणेत ग्राहकपत्ता मार्गनिश्चितीच्या आधी बदलतो, त्यानंतर परवानगीचे नियम तपासले जातात आणि प्रेषकपत्ता सर्वांत शेवटी बदलतो. म्हणून तेथे बाहेरून येणाऱ्या पॅकेटाची परवानगी लिहिताना आतील सेवासंगणकाचा खाजगी पत्ता लिहावा लागतो. सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये ८.३ या आवृत्तीपूर्वी (२०१०) परवानगीच्या यादीत बदललेला पत्ता लिहीत; त्या आवृत्तीपासून मूळ पत्ता लिहावा लागतो. पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलमध्ये परवानगीच्या नियमात पत्ता रूपांतरापूर्वीचा, पण विभाग मात्र रूपांतरानंतरचा असतो. एका साधनावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर चुकतो तो बहुधा या भेदांमुळे.

मांडणी करताना पुढील अडचणी वारंवार येतात. (अ) दूरच्या कचेरीशी गुप्त बोगद्याद्वारे जोडणी असल्यास त्या दिशेने जाणाऱ्या पॅकेटांना रूपांतरातून सूट द्यावी लागते व सुटीचा नियम सर्वसाधारण नियमाच्या वर ठेवावा लागतो. तसे न केल्यास पॅकेटाचा पत्ता बदलतो, ते बोगद्याच्या अटींशी जुळत नाही व इंटरनेटकडे वळते. (आ) फायरवॉलच्या स्वतःच्या पत्त्याव्यतिरिक्त दुसरा सार्वजनिक पत्ता त्याच बाह्य जालात वापरल्यास त्या पत्त्याविषयीच्या विचारणेस फायरवॉलनेच उत्तर द्यावे लागते. अन्यथा सेवादात्याच्या राउटरला तो पत्ता सापडत नाही. (इ) आतील संगणकाने आपल्याच संस्थेच्या सेवासंगणकास सार्वजनिक पत्त्याने हाक मारल्यास, व दोन्ही एकाच जालात असल्यास, उत्तर फायरवॉल टाळून थेट येते. ते अपेक्षित पत्त्यावरून न आल्याने संगणक नाकारतो. अशा वेळी प्रेषकपत्ताही बदलावा लागतो किंवा आतील नावसेवेने खाजगी पत्ताच सांगण्याची व्यवस्था करावी लागते. (ई) व्यापक नियम वर व विशिष्ट नियम खाली ठेवल्यास विशिष्ट नियमापर्यंत तपासणी पोहोचतच नाही.

दोष शोधताना फायरवॉलच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजूंस तेच पॅकेट पाहणे व रूपांतर कोष्टकातील नोंद वाचणे ही खात्रीची रीत आहे. पॅकेट बाहेर पडताना पत्ता बदलला नसेल, तर दोष रूपांतराच्या नियमात असतो. बदलूनही उत्तर येत नसेल, तर मार्ग किंवा पलीकडील बाजू तपासावी. उत्तर येऊनही आत जात नसेल, तर नोंदीची मुदत किंवा परवानगी पाहावी.

संरक्षण व मर्यादा : बाहेरून आपण होऊन आलेल्या पॅकेटास कोष्टकात नोंद नसते, म्हणून ते आत पोहोचत नाही. यावरून नॅट म्हणजेच संरक्षण असा समज रूढ झाला आहे. तो अपुरा आहे. संरक्षण हे परवानगीच्या नियमांचे व चालू संभाषणांवर लक्ष ठेवण्याचे काम आहे. आतील संगणकाने स्वतः बाहेर केलेली घातक जोडणी नॅट अडवत नाही. तसेच पोर्ट वळवण्याचा एक नियम लिहिला की आतील साधन साऱ्या जगास उघडे पडते. २०१६ मध्ये ‘मिराय’ या अपायकारक आज्ञावलीने मूळ संकेतशब्द न बदललेले व इंटरनेटवरून पोहोचता येणारे असंख्य कॅमेरे व चित्रमुद्रक ताब्यात घेतले. त्यांच्याद्वारे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या नावसेवा देणाऱ्या कंपनीवर झालेल्या हल्ल्याने अनेक प्रमुख संकेतस्थळे काही तास बंद पडली. दुकानातील किंवा शाळेतील कॅमेरा घरी बसून पाहता यावा म्हणून लिहिलेला नियम असाच धोका निर्माण करतो. अशा कामासाठी उघड्या पोर्टऐवजी गुप्त बोगद्याचा वापर करणे श्रेयस्कर असते.

इंटरनेटच्या मूळ रचनेत कोणतेही दोन संगणक परस्परांशी थेट बोलू शकत; नॅटमुळे ही समानता राहिली नाही. फाइल-हस्तांतरण व ध्वनिसंभाषण यांच्या काही संकेतपद्धती पॅकेटाच्या मजकुरातही पत्ता लिहितात. तो बदलण्यासाठी फायरवॉलला मजकूर उघडून पाहावा लागतो. मजकूर गुप्तलिपीत असल्यास ते शक्य नसते. पत्त्याचीही सत्यता तपासणारी आयपीसेक पद्धतीतील अधिप्रमाणन शीर्षाची योजना नॅटमधून चालत नाही, कारण पत्ता बदलणे हीच तिच्या दृष्टीने लबाडी ठरते. गुप्तलिपीतील पॅकेटे यूडीपीच्या ४५०० या पोर्टवरील आवरणात घालून नेण्याची तोड २००५ मध्ये प्रमाणित झाली.

सामाईक पत्ता व जबाबदारी : ग्राहकसंख्या वाढल्यावर सेवादात्यांनी स्वतःच्या जालातही रूपांतरण सुरू केले. ग्राहकाच्या घरी एकदा व सेवादात्याकडे पुन्हा, असे दोनदा पत्ते बदलू लागले. या कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० पासूनचा ४१,९४,३०४ पत्त्यांचा गट राखून ठेवण्यात आला. पहिले १,०२४ पोर्ट वगळता एका पत्त्यामागे ६४,५१२ पोर्ट उरतात. प्रत्येक ग्राहकास सुमारे १,००० पोर्ट दिल्यास एक पत्ता ६४ ग्राहकांत वाटला जातो. अशा ग्राहकाने आपल्या राउटरवर पोर्ट वळवण्याचा नियम अचूक लिहिला तरी बाहेरून कोणी पोहोचत नाही, कारण खरा सार्वजनिक पत्ता सेवादात्याच्या साधनावर असतो. राउटरच्या बाह्य जोडमुखावर १००.६४ ते १००.१२७ यांनी आरंभ होणारा पत्ता दिसल्यास ही स्थिती ओळखावी.

याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. एका ग्राहकाच्या गैरवापरामुळे एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता बंद केल्यास त्यामागील सर्वांचीच वाट अडते. फसवणुकीच्या तपासात केवळ पत्ता व दिवस हाती असल्यास संशयाची सुई अनेक निरपराध कुटुंबांकडे वळू शकते. नेमकी व्यक्ती ठरवण्यासाठी पत्ता, पोर्ट क्रमांक व अचूक वेळ या तिन्हींची गरज असते. म्हणून सेवासंगणकांनी येणाऱ्या जोडणीचा पोर्ट क्रमांकही नोंदवावा, अशी शिफारस जून २०११ मध्ये करण्यात आली. भारतात सेवादात्यांच्या परवान्यातील अटींनुसार अशा नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीने त्यांची मुदत एक वर्षावरून किमान दोन वर्षे करण्यात आली. सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात व घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवावी लागतात. नोंद जागतिक प्रमाणवेळेत आहे की भारतीय, हे न पाहिल्यास साडेपाच तासांचा फरक पडतो. तेवढ्या अवधीत तोच पोर्ट दुसऱ्याच ग्राहकाकडे गेलेला असू शकतो. शाळा किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यांनीही आपल्या फायरवॉलवरील नोंदी चालू ठेवणे हितावह असते, कारण बाहेरून पाहता तेथील सर्व वापरणारे एकच दिसतात व त्यांच्यातील भेद फक्त त्या कोष्टकातच टिकून असतो.

भवितव्य : टंचाईवरचा मूळ उपाय म्हणजे इंटरनेट संकेतपद्धतीची सहावी आवृत्ती होय. तिचे वर्णन डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले व जुलै २०१७ मध्ये तिला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यातील पत्ता १२८ द्विमान अंकांचा असल्याने प्रत्येक साधनास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देता येतो व पत्ते वाचवण्यासाठी नॅट लावण्याचे कारण उरत नाही. भारत सरकारने या आवृत्तीच्या स्वीकाराचा पहिला आराखडा जुलै २०१० मध्ये व दुसरा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाइल जालांमुळे तिच्या वापरात भारत आघाडीच्या देशांत गणला जातो. तथापि अनेक संकेतस्थळे व जुनी साधने चौथ्या आवृत्तीवरच असल्याने दोहोंमधील दुवा म्हणून सहाव्या आवृत्तीचे पत्ते चौथ्या आवृत्तीत बदलणारे रूपांतरण एप्रिल २०११ मध्ये प्रमाणित करण्यात आले. सहाव्या आवृत्तीत आतील साधने थेट पोहोचण्याजोगी असतात. म्हणून तेथे नॅटच्या आडोशावर न विसंबता फायरवॉलचे परवानगीचे नियम स्पष्टपणे लिहावे लागतात. पत्ता बदलणे व प्रवेश नाकारणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे जुन्या पद्धतीत दुर्लक्षिले गेलेले सूत्र नव्या पद्धतीत अनिवार्य ठरते.